मोटेची सावली

मला नावाने ओळखणारी माणसे आता कमी होत चालली आहेत, म्हणून मित्रांनो, आधी नावच सांगून टाकते. मी मोट. विहिरीतून पाणी काढणारी जुनी, पत्र्याची मोट. तुमच्या शिवारात वीज आली, बटण दाबले की पाणी धो धो पडते, तेव्हा तुम्ही मला कधी पाहिले नसेल तर त्यात तुमचा काही दोष नाही. पाहिले तरी ओळखणार नाही म्हणा. आज माझ्या अंगभर त्रिकोणी खिडक्या आहेत, डोक्यावर चौकोनात चौकोन कापलेले एक चक्र आहे आणि माझ्यातून पाण्याऐवजी ऊन सांडते. हे कसे झाले तेच सांगायचे आहे. गोष्ट थोडी लांबली तर कंटाळू नका. म्हाताऱ्या माणसांची आणि म्हाताऱ्या भांड्यांची ती खोडच असते.

माझा जन्म पूर्णेच्या एका लोहाराच्या भात्यासमोर झाला. त्याने पत्रा वळवला, शिवणीवर रिबिटा ठोकल्या, तोंडाला जाड कडे बसवले आणि खाली चामड्याची लांब सोंड जोडली. ठोके खाताना मी फार कुरकुरले. पण लोहार म्हणाला, "आता सोस, मंग पानी धरशील." त्याचे ते म्हणणे खोटे ठरले नाही.

मला न्यायला सिताराम आला. ताडकळसच्या शिवारात त्याची थोडी जमीन होती. दोन वर्षांपूर्वीच त्याच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याने भाऊबंदांना हाताशी घेऊन आपल्या जमिनीत विहीर खोदली होती. तुम्हाला वाटेल, विहीर तर विहीर, त्यात काय एवढे! पण त्याच्या बायकोला, सगुणाबाईला विचारा. गावच्या विहिरीवर ती पायरीच्या खाली घागर घेऊन उभी राहायची. वरून कुणाला दया आली तर पाणी ओतले जायचे, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे राहायचे. ज्या दिवशी मी पहिल्यांदा आमच्या विहिरीतून भरून वर आले, त्या दिवशी सगुणाबाई थारोळ्यात, म्हणजे मोट रिकामी होते त्या दगडी कुंडात, पाय सोडून बसली आणि उठेचना. सिताराम म्हणाला, "आगं, भिजायलीस की!" ती म्हणाली, "भिजू द्या. कुनाला इचारून भिजायचं न्हाई आता." मला तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ कळला नव्हता. हळूहळू कळला.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, खाली उतरले की मी भरून वर यायची, थारोळ्यात सोंड सोडून रिकामी व्हायची आणि पुन्हा खाली जायची. पाणी थारोळ्यातून दंडात, म्हणजे पाटात, आणि दंडातून वाफ्यात जायचे. मिरची, वांगी, लसूण, थोडा गहू. सिताराम बैलांमागे नाड्यावर, म्हणजे माझ्या जाड दोरावर, बसून गायचा. गळा काही गोड नव्हता, पण बैलांना चालत होता आणि मलाही. घरात खायची ददात उरली नाही. दिनकर नावाचा त्यांचा मुलगा त्याच मिरचीच्या जिवावर शाळा शिकला, पुढे औरंगाबादला चित्रकला शिकायला गेला.

सितारामने मला जसे जपले तसे कुणी लेकरालाही जपत नसेल. पत्र्याला गंज धरतो, बारीक भोके पडतात. एवढेसे भोक दिसले की त्याला घास गोड लागत नसे. डांबर वितळवून तो ते बुजवायचा, वरून हात फिरवायचा आणि मला उन्हाकडे धरून आतून पाहायचा. कुठून उजेडाचा कण आला तर पुन्हा डांबर. उजेड दिसला म्हणजे पाणी जाणार, हा त्याचा सरळ हिशोब होता. म्हणूनच माझ्या पोटात अंधार असायचा, आणि मला त्याचा अभिमान होता.

पण सगळे दिवस सारखे नसतात. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीने तळ दाखवला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी खडकावर आपटून आपटून पोचे पाडून घेतले आणि ओंजळभर गाळ घेऊन वर आले. सिताराम खडी फोडायच्या कामावर गेला. दुष्काळ सरला, विहीर आणखी खोल केली, आणि पाठोपाठ विजेचे खांब आले. विहिरीवर मोटर बसली. लहानशी वस्तू, पण आवाज केवढा! सगळे तिचेच कौतुक करायला लागले. मी रागावले नाही असे सांगितले तर खोटे होईल. गरज सरो, वैद्य मरो, असे मनात म्हणून घेतले. सितारामने मात्र मला फेकले नाही. अंगाला जवसाचे तेल चोळले आणि गोठ्यात खुंटीला टांगले. तिथे मी कोंबड्यांच्या सोबतीने राहिले.

इकडे दिनकर ताडकळसच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. घर शिवारात लांब होते, म्हणून गावातच एक खोली घेऊन राहायचा, सुट्टीला घरी यायचा. एकदा असाच तो गोठ्यात आला. वर्षानुवर्षे न पाहिल्यामुळे माझ्या बुडाचे डांबर सुकून पडले होते आणि उन्हाचे चार कवडसे माझ्यातून निघून शेणाच्या जमिनीवर पडले होते. दिनकर ते पाहत उभा राहिला. कोंबडी त्या कवडशावर चोच मारून गेली तरी तो हलला नाही. त्या दिवसापासून त्याला लोखंडाचे वेड लागले. गाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावा, मोडक्या कुळवाची पास म्हणजे पाते, तेलाचे पिंप, जे मिळेल ते तो गोळा करू लागला. त्यातून त्याने गोल, चौकोन, त्रिकोण असे आकार उभे केले. त्यांना ना हात होते ना तोंड. लोक विचारायचे, "गुरुजी, हा कोन्ता देव?" तो सांगायचा, "देव नाही. याला उन्हात ठेवायचं आणि सावली बघायची." लोक मान हलवायचे आणि पुढे जाऊन हसायचे.

या सगळ्यांचे प्रदर्शन शाळेच्या अंगणात भरवायचे त्याने ठरवले. मधोमध ठेवायला एक मोठे काम हवे होते. सिताराम आपल्या बहिणीकडे पोखर्णीला गेला होता, तेवढ्यात दिनकरने मला खुंटीवरून उतरवले.

मित्रांनो, कापून घेणे सोपे नसते. त्याने माझी शिवण उसवली, मला उलगडले आणि अर्धी वळवून उभी केली. मग छिन्नीने खिडक्या पाडल्या. खाली मोठे त्रिकोण, वर लहान होत गेलेले. बुडाचे चक्र करून त्यात चौकोनात चौकोन कापले आणि ते डोक्यावर जोडले. त्याचा हात हलका होता आणि डोळ्यांत माया होती, हे मी आज सांगू शकते. तेव्हा मात्र मी नुसती घाबरले होते, कारण प्रत्येक ठोक्याला माझ्या पोटातला अंधार कमी होत होता.

सिताराम परत आला. गोठ्यातली खुंटी रिकामी दिसली. तो घरासमोरच्या अंगणात आला.

"दिनकर, मोट कुठं हाय?"

"आबा, ही काय. जरा उन्हात उभी केल्यावर बघा तरी..."

सितारामने माझ्याभोवती एक फेरी घातली. एका खिडकीतून त्याचा हात आरपार गेला, तेव्हा तो थांबला.

"हिला बारकं भोक पडलं तर मला घास जायचा न्हाई. डांबर लावून लावून म्या हिचं अंग राखलं. आन तू हिची चाळणी केलास? कुनाला इचारलास?"

"न्हाई इचारलं आबा. पडूनच व्हती, म्हणून..."

"पडून व्हती! आरं, आता मी बी पडूनच हाय. मला बी कापतूस का?"

दिनकरने हातातली छिन्नी खाली ठेवली. सिताराम जाता जाता एवढेच म्हणाला, "तुह्या त्या परदर्शनाला मी येनार न्हाई." आणि त्या दिवसापासून त्याने मुलाशी बोलणे टाकले. दिनकर घरी आला की तो शेतात जायचा. भाकरीचे ताट सगुणाबाई वाढायची, आणि बाप-लेकाचे निरोपही तीच इकडून तिकडे पोचवायची. "दम धर रं," ती मुलाला म्हणायची, "तुह्या बापाचं मन मोटेवानी हाय. भरायला टाइम लागतो." पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि सिताराम काही बोलला नाही. दिनकरची झोप उडाली. प्रदर्शनाला परभणीहून त्याचे जुने गुरुजी तात्याराव येणार होते. पण खरे सांगायचे तर त्याला तात्यारावांच्या शाबासकीची तेवढी फिकीर नव्हती. मला अंगणाच्या मधोमध उभी करताना तो पुन्हा पुन्हा फाटकाकडे पाहत होता.

प्रदर्शन बाजाराच्या दिवशी होते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचीही नजर पडावी. आदल्या दिवशी दिनकरने सगळे अंगण सारवून घेतले होते. जमीन गुळगुळीत आणि मोकळी हवी, तरच सावली नीट उमटेल, असे त्याने सगळ्यांना बजावले होते. सकाळी आम्हाला जागच्या जागी उभे करून तो तात्यारावांना आणायला मोटार थांब्यावर गेला. थंडीचे दिवस, ऊन तिरपे. माझ्या खिडक्यांतून उजेडाचे त्रिकोण जमिनीवर लांब पडले होते, आणि त्यांच्याभोवती माझी काळी जाळी.

शाळेच्या शेजारी दत्तराव नावाच्या शेतकऱ्याचे घर होते. त्यांच्या पत्नी सरजाबाई दोन जावांना घेऊन डोकावल्या. सारवलेले मोकळे अंगण पाहून त्यांचा जीव कासावीस झाला.

"आगं माय, पाव्हणे यायलेत आन रांगोळी न्हाई? गावाची अब्रू जाईल की!"

त्या घरातून रांगोळीचा डबा घेऊन आल्या. जमिनीवर पाहतात तो काय, आखीव-रेखीव त्रिकोण तयार! "बघा, गुरुजींनी रेघा आधीच आखून ठेवल्यात," सरजाबाई जावांना म्हणाल्या. "आपुन निस्तं भरायचं." आणि तिघी बसल्या माझ्या उजेडात रांगोळी भरायला. काळ्या जाळीला धक्का न लावता एकेक त्रिकोण पांढरा करायचा आणि मधोमध हळद-कुंकवाचे बोट टेकायचे. हात मोठा सफाईचा. मला तर हळदीच्या नवरीसारखे वाटायला लागले.

थोड्या वेळाने धाकटी जाऊ म्हणाली, "जाऊबाई, तुमचं वाकडं झालंय." सरजाबाईंनी पाहिले. खरेच, पांढरा त्रिकोण एकीकडे आणि उजेड बोटभर दुसरीकडे. त्यांनी कड पुसली, पुन्हा भरली. तोवर उजेड आणखी पुढे. पुन्हा पुसली, पुन्हा भरली. चिमटीत ऊन धरायला गेलेल्या त्या तिघींना पाहून मला हसू आवरेना. बाजाराला निघालेली माणसेही फाटकाशी थांबून हसायला लागली.

तेवढ्यात दिनकर तात्यारावांना घेऊन आला. अंगण पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सरजाबाई, हे काय केलंत?"

"गुरुजी, आमी तुमच्याच रेघांत भरायलाव," सरजाबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "पर तुमच्या रेघाच हलायल्यात, त्याला आमी काय करावं?"

फाटकाशी एकच हशा पिकला. "गुरुजी, रांगोळी पळायली का सावली?" असे कुणीतरी ओरडले. महिनोन् महिने खपून तयार केलेले काम पहिल्याच तासात थट्टेचा विषय झाले होते. दिनकरने मुकाट्याने कोपऱ्यातला झाडू उचलला. सरजाबाई पदराचे टोक चावत बाजूला झाल्या. झाडूचा पहिला फटका माझ्या पायाशी पडला, आणि फाटकाकडून आवाज आला, "थांब. पुसू नको."

सिताराम होता. वांग्यांची पाटी बाजारात ठेवून तो आला होता. सगुणाबाई प्रदर्शनाला आली आहे, तिला बोलवायला आलो, असे त्याने नंतर सांगितले. पण तो बराच वेळ भिंतीआडून पाहत होता, हे मी माझ्या खिडक्यांतून पाहिले होते.

तो आत आला. मुलाकडे न पाहता सरळ माझ्यासमोर उकिडवा बसला. पाठीमागे सकाळची पांढरी रांगोळी, पुढे आत्ताचा उजेड, आणि मध्ये पुसून पुन्हा भरलेल्या खुणा, एकीपुढे एक. त्याने त्या वाटेवरून बोट फिरवत नेले.

"पानी बी असंच जातंय," तो म्हणाला. "थारोळ्यात पडतंय, मंग दंडाला लागतंय, मंग वाफ्यात. एका जाग्यावर न्हाई थांबत."

फाटकाशी हसणारी माणसे आता माना वाकवून जमिनीकडे पाहू लागली. सितारामने हात पुढे केला. उजेडाचा एक त्रिकोण त्याच्या घट्टे पडलेल्या तळव्यावर पडला. त्याने मूठ मिटली, पुन्हा उघडली, तरी उजेड होताच. मग मान वर करून इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मुलाच्या डोळ्यांत पाहून म्हणाला,

"दिनकर, म्या जिंदगीभर हिची भोकं बुजवली. वाटायचं, भोक पडलं की ही रिती झाली. तू तर हिला सगळी भोकंच पाडलास. आन तरी ही भरलेलीच हाय की रं."

दिनकरच्या हातातून झाडू गळून पडला. सगुणाबाईने पदर डोळ्यांना लावला. आणि माझे काय झाले म्हणून विचाराल तर, पत्र्याला रडता येत नाही म्हणून बरे, नाहीतर मी तिथल्या तिथे गंजले असते.

"सरजाबाई," सिताराम उठत म्हणाला, "तुमी कामून थांबलाव? भरा की. म्होरला वाफा कोरडा पडलाय."

मग काय विचारता! सरजाबाईंच्या अंगात बळ आले. पुसायचे नाही, फक्त पुढचा उजेड भरायचा, असे ठरले. बाजाराला आलेल्या बायका पाट्या बाजूला ठेवून अंगणात बसल्या. माझाच नाही, चाकांच्या धावांचा, पिंपाचा, कुळवाच्या पासेचा, सगळ्यांचा उजेड आणि सावली त्या जपून पाहू लागल्या. काल ज्यांना "हा कोन्ता देव" असा प्रश्न पडला होता, ती माणसे आता एकमेकांना सांगत होती, "सरक, सावलीवर पाय पडंल." तात्यारावांनी धोतर सावरून स्वतः एक त्रिकोण भरून पाहिला. तो इतका वाकडा झाला की धाकट्या जाऊबाईंनी त्यांच्या हातून डबा काढून घेतला. दुपारी ऊन माथ्यावर आले तेव्हा रांगोळी माझ्या पायाशी गोळा झाली, आणि ऊन कलल्यावर दुसऱ्या बाजूने पुन्हा पसरू लागली. बाजार उठेपर्यंत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा दंड वाहत गेला होता. विहिरीवर मी पुष्कळ रान भिजवले, पण एका दिवसात एवढी माणसे कधी भिजवली नव्हती.

जाताना तात्याराव दिनकरला म्हणाले, "हे सगळं परभणीला आणा. तिथंही अंगण आहे, आणि ऊन तर परभणीचं विचारूच नका." दिनकरच्या तोंडात 'हो' आला होता. पण तो तिथेच थांबला. सिताराम शेजारी उभा राहून माझ्या अंगावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसत होता.

"आबा," दिनकर म्हणाला, "मोट तुमची हाय. परभणीला नेऊ का?"

सिताराम पुसत राहिला. प्रत्येक खिडकीची कड पुसून झाली, चक्र पुसून झाले. मग म्हणाला, "ने. पर गाडीत आडवी टाकू नको, मुडपंल. मी येतो धरायला."

आणि खरोखरच तो आला. परभणीपर्यंत सबंध वाट तो गाडीत माझ्या कड्याला धरून उभा होता. दिनकर समोर बसून बैल हाकत होता, आणि दोघांचे बोलणे चालले होते. बियाण्याचे, मोटरीच्या बिघाडाचे, बैलाच्या खुराचे, असलेच काहीतरी. इतक्या दिवसांचे साचलेले होते, ते वाहायला जागा मिळाली.

परभणीचे प्रदर्शन झाले, आणि आता मी परत येऊन ताडकळसच्या शाळेच्या अंगणातच असते. सकाळी माझा उजेड भिंतीच्या बाजूला पडतो, संध्याकाळी फाटकाच्या. लोहाराने मला आकार दिला, सितारामने मला जपले, दिनकरने मला दुसरे आयुष्य दिले, आणि सरजाबाईंच्या चुकीने मला माझी माणसे परत मिळाली. एका पत्र्याच्या तुकड्याने आणखी काय मागावे? मी या सगळ्यांची ऋणी आहे.

तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरातही खुंटीला, माळ्यावर, गोठ्यात काही जुने पडलेले असेल. ते तसेच गंजत ठेवा, असे मी म्हणणार नाही. खुशाल उतरवा, कापा, वळवा, त्याचे नवे काहीतरी करा. पण हत्यार उचलण्याआधी, ज्यांच्या हातांनी ती वस्तू झिजली त्यांच्यापाशी जा आणि त्यांना विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.